पोथीच्या यादीत अक्षराच्या वळणाचंही नाव लिहा

मा. संपादक साहेब,
सप्रेम नमस्कार.

जुन्या पोथ्या, हस्तलिखितं, त्यांचं स्कॅनिंग यावर सध्या बरंच छापून येऊन राहिलं, ते वाचून हे पत्र लिहीत आहे. थोडं लांब होईल, विषयच असा आहे की चार ओळीत आटोपत नाही, जागा नसेल तर दोन भागात छापा पण कापू नका एवढी विनंती.

केंद्र सरकारनं २०२५ च्या बजेटमध्ये ज्ञान भारतम् मिशन जाहीर केलं, देशातल्या एक कोटीहून जास्त हस्तलिखितांची पाहणी, नोंद आणि जतन करायचं असं त्यात सांगितलं. इकडं आमच्या मोर्शी तालुक्यात रिद्धपूरला मराठी भाषा विद्यापीठ सुरू झालं. म्हणजे आता गावोगावच्या पेट्या, कपाटं, मठातली बासनं उघडली जाणार, त्याचे फोटो निघणार, याद्या होणार. याचा मला मनापासून आनंद आहे. पण यादी करणाऱ्यांना माझं एकच सांगणं आहे, की "लिपी" या रकान्यात "देवनागरी" किंवा "मोडी" एवढं लिहून पुढच्या पोथीकडं वळू नका, अक्षराचं वळण कोणतं आहे तेही लिहा, आणि ते लिहायला जे शब्द लागतात ते आधी जाणकारांनी एकत्र बसून ठरवा. शब्द आपल्याकडं आहेत. फक्त विखुरलेले आहेत, काही मोडी शिकवणाऱ्यांकडं, काही मठात, काही घरातल्या म्हाताऱ्या माणसांच्या बोलण्यात.

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका आहे, पोरांची अक्षरं तपासणं हे रोजचं काम, त्यामुळं अक्षराकडं पाहायची सवय लागली आणि मग पोथ्यांकडंही तशीच नजर जायला लागली. मी ज्या छापील याद्या पाहिल्या त्यात पानं किती, लांबी-रुंदी किती, पूर्ण की अपूर्ण, कागद कसा हे सगळं असतं, अक्षराबद्दल मात्र "सुवाच्य" किंवा "बारीक" एवढाच एक शब्द, आणि एका संस्थेच्या यादीत तर (नाव घेत नाही) पानंच्या पानं नुसतं "मोडी, मोडी, मोडी" असं खाली खाली लिहिलेलं. आता मला सांगा, शिवकाळातलं मोडी पत्र आणि इंग्रज आमदानीतलं मोडी खरेदीखत एकाच शब्दात कसं मावेल? इंग्रजी काळातल्या कागदांवर मोडी शिकलेला माणूस शिवकालीन कागद समोर आला की अडखळतो, अक्षरांची वळणंच वेगळी, मोडी शिकवणारे सगळे लोक हे सांगतात.

यात तीन गोष्टी वेगळ्या धरल्या पायजे. एक लिपी, म्हणजे बाळबोध (आपली देवनागरी) की मोडी. दुसरं वळण, म्हणजे त्या लिपीतली एक घडवलेली रीत, जी कित्त्यावरून गिरवून किंवा दफ्तरात जुन्या कारकुनाच्या शेजारी बसून शिकली जायची. आणि तिसरा हात, म्हणजे त्या एका माणसाचं स्वतःचं अक्षर. एकाच वळणात शिकलेल्या दहा कारकुनांचे हात दहा असतात, पण वळण एक असतं, आणि ते वळण ओळखता आलं तर तारीख नसलेला कागदही कोणत्या काळातला, कोणत्या दफ्तरातला याचा अंदाज बांधता येतो.

मोडीच्या बाबतीत निदान काही नावं ठरलेली आहेत. काळावरून यादवकालीन, बहामनीकालीन, शिवकालीन, पेशवेकालीन, आंग्लकालीन. वळणावरून चिटणिशी, बिवलकरी, महादेवपंती, रानडी. चिटणिशी हे नाव महाराजांचे चिटणीस बाळाजी आवजी यांच्याशी जोडलं जातं, आणि बिवलकरीचं तर पेशवाईत फार कौतुक, मोडीचं सुंदर अक्षर म्हटलं की तेच नाव निघतं. मोडीची घडणच अशी आहे की आधी पानभर आडवी रेघ ओढून घ्यायची आणि मग बोरू शक्यतो न उचलता त्या रेघेला अक्षरं लटकवत जायची, शब्दांमध्ये जागा सोडायची नाही, ऱ्हस्व-दीर्घाचा भेद पाळायचा नाही. सगळं वेगासाठी. त्यात पुन्हा संक्षेप, मुक्काम लिहायचं तर "मु॥" आणि पुढं चला. हे सगळं ज्याला माहीत आहे तो कागद हातात घेतल्याबरोबर सांगतो की हा फर्डा लिहिणारा आहे, हा दफ्तरात मुरलेला माणूस आहे, आणि हा दुसरा कोणी नवशिका, जपून जपून एकेक अक्षर काढत गेला आहे. हे सांगणं यादीत कुठं उतरतं? कुठंच नाही, आणि तो जाणकार माणूस गेला की ते त्याच्याबरोबर जातं.

पण माझं खरं दुखणं बाळबोध पोथ्यांचं आहे, आणि त्यातही आमच्या भागातल्या महानुभाव पोथ्यांचं. रिद्धपूर हे चक्रधरस्वामींचे गुरू गोविंदप्रभू यांचं गाव, तेराव्या शतकात म्हाइंभटांनी नागदेवाचार्यांच्या देखरेखीत लीळाचरित्र रचलं ते याच गावात. पुढं या पंथानं आपले ग्रंथ सांकेतिक लिपीत ठेवले, सकळ, सुंदरी, पारमांडल्य, अंक, शून्य, वज्र अशी एकाहून एक नावं आहेत, त्यातली सकळ सगळ्यात जास्त चालली. इतिहासाचार्य राजवाडे यांनी सकळ लिपीची उकल केली आणि मग हे भांडार बाहेरच्या अभ्यासकांना खुलं झालं. आमच्या विदर्भाच्या माणसांनी तर यात आयुष्यं घातली, यवतमाळचे य. खु. देशपांडे, ज्यांनी शारदाश्रमात हस्तलिखितं जमवली, नागपूरचे ह. ना. नेने, आणि वि. भि. कोलते, ज्यांची लीळाचरित्राची आवृत्ती १९७८ मध्ये आली. या लोकांचे उपकार फिटणारे नाहीत.

तरी एक गोष्ट तेव्हाही मागं राहिली आणि आजही राहते. सकळ ही किल्ली आहे, एका अक्षराच्या जागी दुसरं अक्षर ठेवायची युक्ती. ते काही वळण नाही. सकळ लिपीतली पोथी टपोऱ्या अक्षरात असू शकते, किरट्या अक्षरात असू शकते, चौदाव्या शतकाच्या रीतीची असू शकते नाहीतर अठराव्या. यादीत "लिपी - सकळ" एवढं लिहिलं की वाचणाऱ्याला वाटतं अक्षराबद्दल सगळं सांगून झालं, प्रत्यक्षात पोथी कशी लिहिली याबद्दल एक अक्षरही सांगितलेलं नसतं.

शेजारच्या गावात एका घरी मला असा एक गुटका पाहायला मिळाला. गुटका म्हणजे तळहातावर मावणारी छोटी पोथी, कापडी बासनात गुंडाळलेली. हा बाळबोधच होता, सांकेतिक नव्हता. पान उघडलं तर तिळाएवढं अक्षर, ओळीला ओळ खेटून, आणि तरी एकही अक्षर दुसऱ्यात घुसलेलं नाही, प्रत्येक सुटं. शब्दाशब्दात जागा नाही, वरची रेघ ओळभर सलग. ओवीचे आकडे आणि दंड लाल, बाकी सगळं काळं. जिथं आपण ख लिहितो तिथं ष, म्हणजे "देखिले" हे "देषिले". एका ओळीत लिहिणाऱ्याचं एक अक्षर राहून गेलं होतं, तर त्यानं त्या जागी वर हंसपदाची बारीक खूण केली, ते अक्षर बाहेर समासात लिहिलं आणि त्याच्या शेजारी ओळीचा आकडा टाकला, म्हणजे वाचणाऱ्यानं कोणत्या ओळीत घ्यायचं ते कळावं. दुसऱ्या पानावर दोन चुकलेल्या अक्षरांवर पिवळा लेप दिला होता, हाच तो हरताळ, ज्याच्यावरून आपण एखाद्या गोष्टीला हरताळ फासला म्हणतो, पण इथं तो इतक्या निगुतीनं लावला होता की शेजारच्या अक्षराला स्पर्शही नाही.

त्या घरच्या आजी माझ्याजवळ बसल्या होत्या. त्यांना वाचता येतं पण डोळ्यानं आता दिसत नाही. मी अक्षर किती बारीक आहे म्हटलं तर त्या म्हणाल्या, "बारीक नोको म्हनू बाई, किरटं म्हन. माह्या सासऱ्याजोळची पोथी टपोरी होती, ते घरी चौरंगावर ठेवून मानसाईले वाचून दाखवाची. हे गुटक्याचं अक्षर, अटनात संगं न्याचं. किरटं हाय पन साजरं हाय, गिचमिड नाई."

संपादक साहेब, आजींनी तीन-चार वाक्यात जे सांगितलं ते कोणत्याही यादीत मी वाचलं नाही. पोथीचं अक्षर लहान का, तर ती घेऊन फिरायची आहे म्हणून. मोठं का, तर चारचौघात वाचून दाखवायची आहे म्हणून. किरटं असणं वेगळं आणि गिचमिड असणं वेगळं. पंथातले साधू अटन करायचे, गावोगाव फिरायचे, ओझं किती वाहणार, म्हणून गुटका आणि म्हणून गुटक्याचं अक्षर. ही नुसती आठवण नाही, हे पोथी कुठं आणि कशी वापरली गेली याचं ज्ञान आहे, आणि ते एका शब्दात बसलेलं आहे.

आणि यात आपण काही जगावेगळं मागून नाही राहिलो. युरोपात हे काम तीनशे-साडेतीनशे वर्षं चाललं आहे. तिकडंही मध्ययुगात फिरते साधू होते, डॉमिनिकन आणि फ्रान्सिस्कन पंथांचे, त्यांच्यासाठी तेराव्या शतकात पॅरिसला खिशात किंवा झोळीत मावतील अशी अख्खी बायबलं लिहिली गेली, अक्षर इतकं लहान की बघत राहावं, आणि त्या अक्षराला तिकडचे अभ्यासक मोत्यांचं अक्षर असं नाव देतात. आपणही चांगल्या अक्षराला मोत्यासारखं म्हणतो, पण तिकडं ते यादीत लिहायचं नाव आहे, वाचलं की अभ्यासकाच्या डोळ्यासमोर काळ, गाव, आकार सगळं उभं राहतं.

त्यांची लहान अक्षरांची गोष्ट जरा सांगते, कारण आमच्या शाळेतल्या पहिलीतल्या पोरांपर्यंत ती येऊन पोचते. रोमन काळातली मोठी अक्षरं दोन रेघांच्या मधे उभी राहतात, सगळ्यांची उंची एक. मग हळूहळू अशी अक्षरं आली ज्यांना वर काठी निघते, खाली शेपूट जातं, त्यांना चार रेघा लागतात. इंग्रजीची चाररेघी वही आहे ना, ती यासाठीच. या चाररेघी लेखनाला मिनिस्क्यूल म्हणतात, आणि इथं लहान हा शब्द आकारापेक्षा घडणीबद्दल आहे, मिनिस्क्यूल अक्षर हातभर मोठं काढलं तरी मिनिस्क्यूलच. आठव्या शतकाच्या शेवटी शार्लमेन राजाच्या राज्यात एक स्वच्छ, सुटं, गोलसर मिनिस्क्यूल घडलं, त्याला कॅरोलिंगियन म्हणतात, ७८१ ते ७८३ च्या दरम्यान लिहिलेल्या गोडेस्काल्कच्या पोथीत ते पाहायला मिळतं, आणि कॉर्बी, तूर अशा मठांमधून ते सगळीकडं गेलं. त्याच्या आजूबाजूला किती तरी दुसरी होती, आयर्लंड-इंग्लंडकडचं इन्सुलर, स्पेनचं व्हिसिगॉथिक, दक्षिण इटलीत माँते कासिनोच्या मठाकडचं बेनेव्हेंटन, फ्रान्समधलं लुक्सयच्या मठाचं. मग गॉथिक आलं, दाट, टोकदार, विणल्यासारखं. आणि १४०० च्या सुमारास फ्लॉरेन्सच्या विद्वानांनी ते जुनं कॅरोलिंगियन वळण पुन्हा उचललं, छापखाना आल्यावर त्याचेच खिळे पडले, आणि आज आमची पोरं जो छोटा ए-बी-सी गिरवतात तो त्याच घराण्यातला.

आता यातली नावं पाहा, कुठं मठाचं नाव, कुठं प्रांताचं, कुठं राजाचं, कुठं दिसण्यावरून. ती काही एका दिवसात ठरली नाहीत आणि सुरुवातीला चुकीचीही ठरली. झाँ माबियों नावाच्या फ्रेंच साधूनं १६८१ मध्ये जुने कागद खरे की खोटे हे ओळखायचं शास्त्र मांडलं, त्यात त्यानं अक्षरांना गॉथिक, लाँगोबार्डिक, सॅक्सन अशी टोळ्यांची नावं दिली, जणू प्रत्येक टोळीनं आपलं आपलं अक्षर शोधलं. पुढं इटलीच्या माफेई यांनी दाखवलं की ही सगळी एकाच रोमन लेखनाची लेकरं आहेत. पण नावं चिकटली ती चिकटली, दक्षिण इटलीच्या अक्षराला लोक लाँगोबार्डिकच म्हणत राहिले, १९१४ मध्ये लोव नावाच्या अभ्यासकाचं पुस्तक आलं तेव्हा कुठं बेनेव्हेंटन हे नाव घट्ट बसलं. म्हणून म्हणते, आज आपल्या याद्यांमध्ये घाईघाईनं जे काही टाईप केलं जाईल ते पुढं शंभर-दोनशे वर्षं पुसता येणार नाही, लोक तेच उतरवून घेत राहतील.

१९५३ मध्ये तर पॅरिसला या लोकांनी खास बैठक घेतली, विषय एकच, मध्ययुगीन पोथ्यांच्या अक्षरांना काय म्हणायचं. जर्मनीचे बिशॉफ, हॉलंडचे लिफ्टिंक, इटलीचे बात्तेल्ली हे मोठे लोक त्यात होते, पुढच्या वर्षी त्याचं पुस्तक निघालं. मला यातली लिफ्टिंक यांची पद्धत सगळ्यात आवडली कारण ती शाळेतल्या पोरालाही समजेल. गॉथिक पोथी समोर आली की तीनच गोष्टी पाहायच्या. छोटा ए एका पोटाचा आहे की दोन पोटांचा. एफ आणि लांब एस (म्हणजे जुन्या रीतीचा उभा एस) ओळीवर उभे आहेत की ओळीच्या खाली उतरतात. आणि बी, एच, के, एल यांच्या वरच्या काठीला फास आहे की नाही. दोन पोटाचा ए, ओळीवर उभे एफ-एस आणि फास नाही, तर टेक्स्टुआलिस. एका पोटाचा ए, खाली उतरणारे एफ-एस आणि फास आहे, तर कुर्सिवा. खाली उतरतात पण फास नाही, तर हायब्रिडा. झालं. सुंदर, छान, सुवाच्य असल्या मोघम शब्दांची गरजच नाही, दोन गावातली दोन माणसं स्वतंत्रपणे पाहतील तरी उत्तर एकच येईल.

असं आपल्याला का नाही करता येणार? बाळबोध पोथी समोर आली की काय पाहायचं हे जाणकारांना चांगलं माहीत आहे. मात्रा आजच्यासारखी अक्षराच्या डोक्यावर आहे की अक्षराच्या डाव्या बाजूला उभी काठी आहे, म्हणजे पडीमात्रा. ख ला ष लिहिला आहे का. वरची रेघ सलग आहे की अक्षराअक्षराला तुटते. अक्षरं सुटी की जोडून. उभी की उजवीकडं कललेली. अक्षर टपोरं, मध्यम की किरटं, आणि ते माप लिहायचं असेल तर पानावर ओळी किती आणि ओळीत अक्षरं किती हे मोजून लिहा, त्यात काही अवघड नाही. चूक कशी दुरुस्त केली, हरताळानं, हंसपदानं की नुसती खाडाखोड. मोडी असेल तर रेघ आधी पानभर ओढलेली आहे का, बोरूचं लेखन आहे की टाकाचं, म्हणजे निबच्या लेखणीचं (बोरूच्या अक्षरात जाड-बारीक वेगळं दिसतं, टाकाची रेघ सडपातळ), संक्षेप किती आणि कोणते, शेवटी मोर्तब आहे का. एवढं जरी प्रत्येक पोथीला आणि कागदाला लिहिलं तरी पुढच्या अभ्यासकाला घरबसल्या सारख्या वळणाच्या पोथ्या एकत्र लावून पाहता येतील, आणि त्यातून मग वळणांना नावंही पडतील, मठावरून पडोत, गावावरून पडोत. कोण जाणे, उद्या रिद्धपुरी वळण असं काही खरंच ठरेल. पण आधी नोंद तर पायजे.

आणि शब्दांसाठी इंग्रजीकडं धावायची काही गरज नाही असं माझं स्पष्ट मत आहे. टपोरं, ठसठशीत, वळणदार, घोटीव, सुटं, लपेटीचं, फर्डं, किरटं, गिचमिड, हे सगळे शब्द आपण पोरांच्या वह्यांवर रोज वापरतो. फक्त हे ठरवा की यादीत किरटं म्हणजे नेमकं केवढं आणि फर्डं म्हणजे नेमकं कसं, आणि प्रत्येक शब्दापुढं एका पोथीचा फोटो द्या. मिनिस्क्यूलसारखे तिकडचे शब्द तिकडच्या अक्षरांसाठी राहू द्या, आपल्याकडं मोठी लिपी-छोटी लिपी असा प्रकारच नाही, आपलं अक्षर रेघेला लटकतं, त्यांचं रेघेवर उभं राहतं, त्यांचे शब्द उचलून इथं बसवले तर घोटाळाच होईल.

हे फक्त अभ्यासकांच्या कामाचं आहे असंही कोणी म्हणू नका. २०२३ मध्ये कुणबी नोंदी शोधायला न्यायमूर्ती संदीप शिंदे समिती नेमली गेली तेव्हा मोडी वाचणाऱ्यांची केवढी शोधाशोध झाली ते सगळ्यांनी पाहिलं. माणसाचा दाखला, शेताची हद्द, गावाची वहिवाट या कागदांवर उभी असते. वऱ्हाड १८५३ मध्ये इंग्रजांच्या ताब्यात आलं, त्याच्या आधीचे कागद वेगळे, नंतरचे वेगळे, नागपूरकर भोसल्यांच्या मुलखातले आणखी वेगळे, आणि आमच्याकडचा पटवारी-पांड्या जे लिहायचा ते पुण्याच्या दफ्तरातल्या कारकुनासारखंच असेल असं धरून कसं चालेल? पुण्याकडच्या कागदांचा अभ्यास फार झाला, चांगलं झालं, पण वळणांची जी नावं आज पुस्तकात आहेत ती बहुतेक तिकडच्या दफ्तरांची आहेत. वऱ्हाडातल्या, झाडीपट्टीतल्या, गोंडवनातल्या कागदांची वळणं कोणी नीट लावून पाहिली पायजे, आणि ती इथल्याच पोरांनी पाहावी.

आता तर कॉम्प्युटरही मदतीला आला आहे. आयआयटी रुरकीच्या लोकांनी २०२५ मध्ये मोडी कागदांचे दोन हजारांवर फोटो आणि त्यांचं देवनागरी लिप्यंतर असा संग्रह जाहीर केला, त्यात शिवकालीन, पेशवेकालीन, आंग्लकालीन असे तिन्ही काळ घेतले आहेत. हे उत्तम काम आहे. पण सॉफ्टवेअरला जे अक्षर दाखवलं तेच ते शिकणार, एका वळणावर शिकवलेलं दुसऱ्या वळणावर चुकणार, त्यामुळं फोटोबरोबर वळणाची नोंद असेल तर त्यांचंही काम सोपं होईल, आणि नसेल तर हजारो फोटो स्कॅन होऊन पडून राहतील आणि कोणता कशाबरोबर शिकवायचा हेच कळणार नाही.

म्हणून माझी विनंती सरळ आहे. रिद्धपूरच्या मराठी भाषा विद्यापीठानं पुढाकार घेऊन महानुभाव मठांचे महंत, मोडी शिकवणारे, जुन्या पोथ्या घरी असलेले लोक आणि दोन-चार चांगले फोटोग्राफर असे एकत्र बसवावे आणि अक्षरांच्या शब्दांची एक सचित्र सूची काढावी. ती मराठीत असावी, फुकट मिळावी, आणि गावात पाहणीला येणाऱ्या पोरापोरींच्या हातात जाण्याआधी ती तयार असावी. मठांनी पोथ्या बाहेर दाखवायला संकोच केला तर तो समजून घ्या, ज्यांनी इतकी शतकं सांकेतिक लिपीत जपून ठेवलं त्यांचा त्यावर पहिला हक्क आहे, पण एकेका पानाचा फोटो आणि अक्षराची माहिती द्यायला बहुतेक महंत तयार होतील असं मला वाटतं, कारण आपल्या पोथीच्या अक्षराचं कौतुक कोणी केलेलं त्यांनाही आवडतं. आणि पाहणीला याल तेव्हा घरातल्या बायकांनाही विचारा. पोथ्यांची बासनं धुणं, उन्हं दाखवणं, नागपंचमीच्या पावसात कपाट बदलणं हे सगळं त्यांनीच केलं आहे, पण माहिती विचारायला लोक ओसरीवरूनच परत जातात.

ज्यांच्याकडं पोथ्या आहेत त्यांनाही सांगते, लॅमिनेशन करू नका, सेलोटेप लावू नका, कागद त्यानं कायमचा खराब होतो. मोबाईलवर फोटो काढाल तर शेजारी पट्टी ठेवून काढा म्हणजे अक्षर केवढं ते कळेल, आणि नुसतं पहिलं पान नको, जिथं दुरुस्ती आहे ते पान काढा, शेवटचं पान काढा कारण लिहिणाऱ्याचं नाव-गाव, शक, तिथी बहुतेक तिथंच असते.

आपण रविवारच्या पुरवणीत दर आठवड्याला एका जुन्या पानाचा मोठा फोटो आणि खाली त्याच्या अक्षराबद्दल जाणकाराचे दहा-बारा शब्द एवढं जरी छापलं तरी गावातले लोक आपापल्या पेट्या उघडून पाहतील. आमच्या तालुक्यातून पानं मिळवून द्यायची जबाबदारी मी घेते, मालकांची परवानगी लेखी घेऊनच पाठवीन.

कळावे, लोभ असावा.

आपली नियमित वाचक,
एक शिक्षिका, ता. मोर्शी, जि. अमरावती
(कृपया नाव छापू नये)